चव्वेचाळीस नंबरचा मुलगा

पिजन फोर्क, इंडियाना
५ डिसेंबर १९८७

प्रिय डेन्झिल,

तुझ्याविना काल बास्केटबॉलच्या हंगामाचा पहिला सामना झाला आणि शाळेच्या हॉलचं छप्पर अजून जागेवर आहे. पंचाला कुणी आंधळा म्हटलं नाही, कुणाची टोपी कोर्टावर आली नाही. मुख्याध्यापक दारातच उभे होते. मला म्हणाले, "आर्व्हेला, तुमचे बंधुराज डिकीत लपलेले नाहीत ना?" मी म्हटलं, "उघडून बघा, पण चावतात." एका टोपीपायी वर्षभराची हॉलबंदी ओढवून घेणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. आता आपल्या शाळेच्या पोरांचे गावातले सामने मी बघायचे आणि बाहेरगावचे तू, दुसरा इलाज नाही.

आता कामाचं. टॉलिव्हर कॉलेजच्या कोच ब्रॅम्लेटकडे पुढच्या वर्षासाठी एकच शिष्यवृत्ती उरली आहे म्हणतोस. गेल्या वर्षी आपण सुचवलेला तो ताडमाड मुलगा नाताळाआधीच आईच्या आठवणीनं रडत घरी पळाला. तेव्हापासून कॉलेजात आपल्या शब्दाला काय किंमत आहे ते तुलाही ठाऊक आहे. यंदा चुकलो तर आपली गुणांची वही ते डुगडुगत्या टेबलाखाली सारतील.

बाबांचा नियम मी काटेकोर पाळला. नावं पुकारायला लागले तशी मी पॉपकॉर्न आणायला बाहेर. नाव कळलं की बाप कळतो, बाप कळला की त्याचं चर्च आणि त्याची भांडणं कळतात, मग पोराचा खेळ कोण बघतो? फेब्रुवारीपर्यंत फक्त नंबर. तर लिहून घे: नंबर चव्वेचाळीस. डावखुरा. सव्वीस गुण केले. दहापैकी हात नऊ, पाय नऊ, डोकं सहा. वागणूक चार, कारण चेंडू मिळाला नाही की तोंड फुगवून कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

तुझी ताई,
आर्व्हेला


टॉलिव्हर
१३ डिसेंबर १९८७

प्रिय ताई,

टोपीचा विषय आता पुरे. ती पंचाला लागलीसुद्धा नव्हती.

काल लोगन मिल गावी सामन्याला गेलो होतो. तुझा चव्वेचाळीस पाहिला. ताई, चष्मा पुसत जा गं. सव्वीस गुण? माझ्या डोळ्यांदेखत त्यानं सहा केले. आणि डावखुरा कसला? चांगला उजव्या हातानं खेळतो.

पण खरं सांगू? पोरगं सोनं आहे! मी मोजलं, चौदा वेळा त्यानं दुसऱ्याच्या हातात आयता चेंडू ठेवला. कोण कुठे पोचणार आहे हे त्याला त्या माणसाच्या आधी कळतं. सगळी मेहनत ह्याची आणि मिरवत होता तो तेहतीस नंबरचा आगाऊ कार्टा. समोरच्या संघातला एक मुलगा पडला तर ह्यानं खेळ सोडून त्याला हात देऊन उठवलं. अंगात जर्सी बघशील तर आजोबांच्या काळातली, पाठीवर ठिगळ, पण त्याचं त्याला काही नाही. हात सात, पाय सात, डोकं दहा, वागणूक दहा. तू चार दिलेस! कुठल्या तोंडानं दिलेस?

तुझा,
डेन्झिल


पिजन फोर्क
१९ डिसेंबर १९८७

प्रिय डेन्झिल,

माझा चष्मा ठीक आहे. तुझ्या थर्मासात कॉफीच होती ना? कारण आमच्या संघात तेहतीस नंबर नाहीच. आणि ठिगळ कसलं? गावानं वर्गणी काढून आणलेल्या कोऱ्या पांढऱ्या जर्सी आहेत. बाहेरगावी जुन्या गडद रंगाच्या घालत असतील तर असोत, आतला मुलगा तर तोच ना? काल त्यानं एकोणतीस गुण केले. डाव्या हातानं. पंचानं शिट्टी मारली तेव्हा ह्यानं चेंडू भिंतीवर आपटला. वागणूक चाराची तीन केली आहे.

बाकी गावात विशेष काही नाही. मेथडिस्ट चर्चसमोरची टपालपेटी पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी गाडीनं उडवली. हल्लीची पोरं कशा गाड्या हाकतात कोण जाणे.

संघातला बारा नंबरचा मुलगा सामन्यानंतर बर्फातून चालत निघाला होता, त्याला दोन्ही शुक्रवारी गाडीतून सोडलं. नाव सांगायला लागला तर म्हटलं, "सांगू नकोस रे बाबा, आमच्या घरचा नियम आहे." तेव्हापासून मी त्याला बाराच म्हणते. "बारा, पर्सिमनच्या फळांचं पुडिंग खाणार का?" म्हटलं की मान डोलावतो. बोलतो कमी, ऐकतो छान. तू इथे नसल्यामुळे सामन्याची चिरफाड करायला मला कुणी नव्हतं, ती सोय झाली. खेळाडू म्हणून त्याच्याकडे मी फारसं पाहिलेलं नाही. गुण करतच नाही मुळी.

नाताळाला येताना टोपी घालून ये, थंडी आहे.

ताई


टॉलिव्हर
१० जानेवारी १९८८

प्रिय ताई,

नाताळात तुझ्याकडे भांडायचं नाही असं ठरवून गेलो होतो म्हणून गप्प बसलो. पण काल पुन्हा चव्वेचाळीस बघितला आणि आता गप्प बसवत नाही. तू म्हणतेस त्या मुलाला मी कधी पाहिलेलंच नाही! मी थेट कोच ब्रॅम्लेटच्या दारात जाऊन उभा राहिलो.

ते म्हणाले, "डेन्झिल, गेल्या वर्षीचा तुमचा हिरा मला स्वतः गाडीत घालून घरी पोचवावा लागला होता."

मी म्हटलं, "म्हणूनच म्हणतो, ह्या वेळी कागद वाचू नका, चला आणि बघा. तुमचा वेळ फुकट गेला तर पुन्हा तुमच्या दारात दिसणार नाही."

"हे आमिष बरंय," म्हणाले. तेवीस तारखेला येताहेत.

आता एक नीट ऐक. आपण दोघं कॉलेजच्या हितचिंतक मंडळाचे सभासद आहोत. कॉलेज ज्या मुलावर नजर ठेवून आहे त्याला मंडळाच्या माणसानं साधं पाणी पाजलं तरी नियम मोडतो आणि ते पोर कायमचं बाद होऊ शकतं. गुंडरसनबाई म्हणून आहेत कॉलेजात, त्यांचं कामच ते. तुझ्या बाराला पुडिंग घाल नाहीतर अख्खी गाय कापून घाल, त्याला कोण विचारतंय? पण चव्वेचाळीसच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.

डेन्झिल


पिजन फोर्क
१६ जानेवारी १९८८

प्रिय डेन्झिल,

तुझ्या त्या चव्वेचाळीसच्या वाऱ्याला उभी राहायची मला हौस नाही. काल पार्किंगमध्ये त्यानं मला हॉर्न मारून बाजूला केलं. कोच आले की बघतीलच.

आमच्या बाराला मी तुझ्या पत्रातलं भांडण तेवढं वाचून दाखवलं, नंबर वगळून. पोटभर हसला. मग म्हणाला, "तुमच्या भावाचं बरोबर असेल, मॅडम. गुण कोण करतो ते सगळ्यांना दिसतं." एवढंच. खिडकीतून बाहेर बघत "जरा डावीकडे घ्या, मॅडम" म्हणाला. रस्ता काय मला माहीत नाही? पण आदबीनं सांगतो म्हणून घेते डावीकडे.

घरी कोण कोण आहे विचारलं तर आई कोंबड्यांच्या कारखान्यात पाळीवर असते म्हणाला. पुढे कॉलेजचं काय, तर म्हणे, कुणी विचारलेलं नाही, तिथेच कामाला लागेन. मला वाईट वाटलं रे. आपल्या वहीत अशा मुलांसाठी रकानाच नाही.

ताई


टॉलिव्हर
२४ जानेवारी १९८८

ताई, ताई, ताई!

कोच हलले! पहिल्या दहा मिनिटांत डायरी काढून लिहायला लागले, मध्यंतरात डायरी मिटली आणि नुसते बघत बसले. तो तेहतीस बेटा तीस गुण करून छाती काढून फिरत होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सामना संपल्यावर म्हणाले, "सगळे जण चेंडू कुठे जातो ते बघतात. मला चेंडू कुठून येतो ते बघायचं असतं. डेन्झिल, हा मुलगा मला हवा आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कुणाला सांगू नकोस.

आता नियम संपला, नाव सांगतो. आयरा स्टॅम्पर. कोच त्याच्याशी आणि आईशी बोलले. त्याला दुसरं एकही कॉलेज विचारत नव्हतं. त्याची आई कोचना म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा, मला नीट ऐकू आलं नाही." ऐकू चांगलं आलं होतं, ताई, तिला फक्त दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

विजयी,
डेन्झिल


पिजन फोर्क
३० जानेवारी १९८८

डेन्झिल,

बसून वाच.

काल नावं पुकारताना मी पॉपकॉर्न आणायला गेले नाही. चव्वेचाळीसवर आयरा स्टॅम्पर ऐकायचं म्हणून कान टवकारून बसले. "नंबर चव्वेचाळीस, ड्वेन रॅटलिफ!" मला वाटलं, घोषणा करणाऱ्याचं चुकलं. मग म्हणाला, "नंबर बारा, आयरा स्टॅम्पर!" आणि माझा बारा उठून कोर्टावर गेला.

जर्सी धुणाऱ्या ग्लेन्डाला जाऊन धरलं. ती म्हणाली, "अहो, त्यात काय! पांढऱ्या जर्सी नव्या, त्यांचे नंबर वेगळे. बाहेरगावच्या गडद जर्सी पंधरा वर्षांच्या जुन्या. त्यांत धड असलेली तेहतीसची, ती रॅटलिफ आधीच उचलतो. ठिगळाची चव्वेचाळीसची कुणालाच नको असते. ती आयरा घालतो." दोन महिने आपण दोन वेगळ्या मुलांवरून एकमेकांची अक्कल काढत होतो, डेन्झ. नावं घेत असतो तर पहिल्याच पत्रात कळलं असतं.

पण हसू नकोस. मी आयराला पाच वेळा गाडीतून नेलंय. पाच वेळा पुडिंग खायला घातलंय. आणि सव्वीस वर्षं मी मंडळाची सभासद आहे. त्या पोराला आयुष्यात एकदाच कुणीतरी विचारलं आणि ते मी माझ्या चमच्यानं घालवलं.

काल तो गाडीशी आला तेव्हा मी काच वर केली आणि निघून गेले. तो बर्फात उभा राहून बघत होता. का ते त्याला सांगायचीही सोय नाही.

आर्व्हेला


टॉलिव्हर
२ फेब्रुवारी १९८८

ताई,

तुझं पत्र मी चुलीत घातलं. हेही घाल. हे तुला माहीत, मला माहीत आणि पोराला माहीत. तो बोलणाऱ्यांतला नाही असं तूच लिहिलंस. कुणाचं काय बिघडलंय? गप्प राहा. एवढं एकदा माझं ऐक.

डेन्झिल


पिजन फोर्क
६ फेब्रुवारी १९८८

डेन्झिल,

नाही ऐकलं.

दोन दिवस डोकं फिरायची वेळ आली. आज गप्प बसलो आणि पुढच्या वर्षी ऐन हंगामात कुणी बोंब मारली, तर आयराला हजारो लोकांसमोर कोर्टावरून उठवतील. शिवाय त्याला खोटं सांभाळत जगावं लागेल ते वेगळंच, आणि ते मी त्याला शिकवलेलं असेल. मी गुंडरसनबाईंना सगळं लिहून पाठवलं आहे. तारखा घातल्या, पुडिंगचे तुकडे मोजून लिहिले. चूक माझी, मुलाला मी कोण ते ठाऊक नव्हतं, शिक्षा करायची तर मला करा, असं शेवटी दोनदा लिहिलं.

तू रागावशील. रागाव. पण लवकर आवर.

ताई


टॉलिव्हर
२१ फेब्रुवारी १९८८

प्रिय ताई,

रागावलो होतो. पंधरा दिवस तुझ्या नावानं खडे फोडत होतो. आता आवरला राग. का ते सांगतो.

शुक्रवारी गुंडरसनबाईंनी आयराला आणि त्याच्या आईला बोलावलं. तुझा भाऊ आणि मंडळाचा सभासद म्हणून मलाही बोलावलं, पण "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही" ह्या अटीवर. टोपीची बातमी तिथपर्यंत पोचलेली दिसते.

बाई करड्या आवाजाच्या. पुढ्यात तुझं पत्र. म्हणाल्या, "पाच वेळा ह्या बाईंनी तुला गाडीतून घरी सोडलं. खरं?"

"नाही, मॅडम," आयरा म्हणाला.

वाटलं, पोरगं खोटं बोलतंय आणि सगळं संपलं.

"त्यांनी स्वतःच लिहिलंय!"

"त्यांना तसं वाटतं, मॅडम. माझं घर शाळेच्या मागे आहे. चालत चार मिनिटं."

"मग गाडीत कशाला बसलास?"

तो चुळबुळला. आईनं कोपर मारलं तेव्हा बोलला. "पहिल्या दिवशी मी पाहिलं, त्यांनी गाडी काढली आणि समोरची चर्चची टपालपेटी उडवली. त्यांना कळलंसुद्धा नाही. अंधारात, बर्फात त्यांना दिसत नाही, मॅडम. मी पेटी उभी केली आणि पळत जाऊन पुढच्या चौकात त्यांना गाठलं. चालत निघालोय असं दाखवलं. त्यांनी बस म्हटलं. मग दर वेळी शेजारी बसून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या सांगायचो. गाडी त्यांच्या दारात लागली की पुडिंग खायचो. मग, माझं घर पुढच्याच वळणावर आहे असं सांगून चालत परत यायचो."

"किती अंतर?"

"दीड मैल असेल. फार नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे बघितलं, मी आढ्याकडे बघितलं. मग त्यांनी निकाल दिला. गाडीच्या बाबतीत मंडळाच्या सभासदानं मुलावर उपकार केलेला नाही, उलट झालेला आहे, आणि मुलानं सभासदावर उपकार करण्याबद्दल पुस्तकात काही नियम नाही. पुडिंग मात्र खाल्लं आहे. तेव्हा आयरानं गावच्या अन्नछत्रात पाच डबे घेवडा द्यायचा, आणि तो कॉलेजात दाखल होईपर्यंत तू त्याच्याशी बोलायचं नाही, काही द्यायचं नाही, गाडीत घ्यायचं नाही. शिष्यवृत्ती कायम!

ताई, डोळ्यांचं मला का सांगितलं नाहीस? मी चष्म्यावरून तुझी टिंगल करत बसलो. मला लाज वाटते आहे.

तुझा,
डेन्झिल


पिजन फोर्क
२८ फेब्रुवारी १९८८

प्रिय डेन्झिल,

तुझं पत्र वाचून एक अख्खा दिवस मी फक्त संतापले. मी त्याला सोडते म्हणून मिरवत होते आणि ते पोर मला सांभाळत होतं! मी, जिनं ह्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना वाढलं! दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून रडले आणि मग बरं वाटलं. डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, रात्रीची गाडी बंद. तुला सांगितलं असतं तर किल्ल्या काढून घेतल्या असत्यास आणि मग मी सामन्याला जाणार कशी? एप्रिलची तारीख घेतली आहे ऑपरेशनची. टॉलिव्हरला तुझ्या शेजारी बसून मला त्याचा खेळ दिसला पाहिजे, आणि ह्या वेळी चेंडू कुठून येतो ते बघणार आहे.

काल हंगामाचा शेवटचा सामना होता, दुपारचा. जाताना लख्ख ऊन होतं म्हणून गाडी नेली, उगाच ओरडू नकोस. बाहेर आले तर हा बर्फ! दोन हातांपलीकडचं दिसेना. गाडीत बसले, दिवे लावले आणि नुसती बसून राहिले. कुणाला हाक मारायची ह्या वयात?

तेवढ्यात गाडीच्या पुढे कुणीतरी येऊन उभं राहिलं. पाठमोरं. लाल टोपी, खांद्याला पिशवी. माझ्याकडे बघितलं नाही, बोललं नाही. चालायला लागलं, रस्त्याच्या बरोबर मधून, सावकाश.

मी गिअर टाकला आणि त्याच्या मागोमाग निघाले. त्याच्या चालीनं. चर्च आलं, तो डावीकडे वळला, मी वळले. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला, त्यानं पुढूनच हात करून त्याला थांबायला सांगितलं. दीड मैल, डेन्झ. माझ्या फाटकाशी आल्यावर तो बाजूला झाला आणि मागे न बघता वर हात केला. मी दिवे दोनदा चालू-बंद केले. मग तो आला तसा परत गेला, टोपीवर बोटभर बर्फ घेऊन.

मी त्याच्याशी बोलले नाही, त्याला काही दिलं नाही, गाडीत घेतलं नाही. तरीही गुंडरसनबाईंना हे कळवायला हवं का, मला ठाऊक नाही. ह्या वेळी मी कळवणार नाही.

तुझी,
आर्व्हेला